शेल्टरमधून आणलेलं कुत्रं-मांजर : पहिल्या महिन्यातली तब्येत आणि आपल्याला लागणारी मदत

शेवंती | ३ ऑगस्ट, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. हा धागा काढायला मला दोन वर्षं लागली.

दोन वर्षांपूर्वी आम्ही टिकलीला आणलं. अडीच महिन्यांचं पिल्लू, पांढरंशुभ्र, कपाळावर एक काळा ठिपका. शेल्टरने दिलेल्या कार्डावर एका लशीची नोंद होती आणि ‘लस झालीये’ एवढ्यावर आम्ही निर्धास्त होतो. चौथ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या, पाचव्या दिवशी रक्ताचे जुलाब, आठव्या दिवशी ती गेली. पार्वो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांना होणारा विषाणूचा आजार. नंतर किती तरी महिने मी स्वतःलाच दोष देत होते. पहिल्या संध्याकाळी आंघोळ घातली म्हणून झालं का, खाणं बदललं म्हणून झालं का. शेवटी एका डॉक्टरांनी समजावलं की लक्षणं ज्या दिवशी दिसली ते बघता विषाणू बहुतेक तिच्या पोटात आधीपासूनच होता. ती आजार घेऊनच घरी आली होती. मला हे आधी कुणी सांगितलं असतं, तर पहिल्या उलटीलाच मी दवाखाना गाठला असता. मी ‘नवीन जागा आहे, रुळेल’ म्हणत दीड दिवस घालवला.

आता ११ जुलैला बुंदी आलीये. दीड वर्षाची देशी कुत्री, नसबंदी झालेली, त्याची खूण म्हणून कानाचं टोक कापलेलं. आज तिचा आमच्याकडे चोविसावा दिवस.

या वेळी ती घरी यायच्या आधीच डॉक्टर ठरवून ठेवले होते. शेल्टरकडून लशींचं कार्ड, जंताचं औषध दिल्याची तारीख आणि नसबंदीचा कागद मागून घेतला. तिथे रोज काय खायची तेही विचारलं, आणि पहिला आठवडा तोच कोंबडी-भात चालू ठेवला. आंघोळ नाही, पाहुणे नाहीत, सोसायटीच्या बागेत फेरी नाही. सगळं सुरळीत चाललं होतं.

नवव्या दिवशी सकाळी सासूबाई म्हणाल्या, “अगं, दूधवाला आला तरी ही उठली नाही.” एरवी बेल वाजायच्या आधी दाराशी जाऊन उभी राहणारी मुलगी. ताप पाहिला, १०४.२. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, फिकट होत्या. पोटावर केस विरळ असतात तिथे टाचणी टोचल्यासारखे बारीक लाल ठिपके. पायाच्या बोटांच्या बेचक्यात, अगदी खोलवर, मुगाच्या दाण्याएवढी एक गोचीड फुगून बसलेली. शेल्टरमधून निघताना गोचिडीचं औषध लावलेलं होतं, आणि मी रोज हात फिरवून बघत होते, पण बोटांच्या मध्ये कधी पाहिलंच नव्हतं.

आमचे डॉक्टर नेमके गावाला गेले होते, म्हणून जवळच्या दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथे मी सांगूनही ताप मोजला नाही. ‘जागा बदललीय, दही-भात द्या’ म्हणून परत पाठवलं. पण टिकलीमुळे मी धडा शिकलेली होते. संध्याकाळी तिसरीकडे नेलं, तिथे लगेच रक्त काढलं. प्लेटलेट ३८ हजार, म्हणजे फारच कमी. टिक फीवर, गोचिडीचा ताप. दुसऱ्या दिवसापासून डॉक्सिसायक्लिन सुरू झालं, २८ दिवसांचा कोर्स, आज पंधरावी गोळी. आठवड्याने प्लेटलेट १ लाख १० हजारांवर आल्या. आता ती जेवते आणि दूधवाल्यासाठी उठते.

मला इथे माहिती गोळा करायची आहे. नव्याने आणलेल्या जनावराला पहिल्या महिन्यात काय काय होऊ शकतं, कोणत्या तपासण्या आधीच कराव्यात, शेल्टरकडून कोणती मदत हक्काने मागावी, आणि खर्चाचं काय. मांजरांबद्दल मला शून्य माहिती आहे, तेही कुणी लिहा. इतर कुठल्या तरी घरातल्या टिकलीसाठी उपयोगी पडेल.

---

गुरांचा_डॉक्टर | ३ ऑगस्ट, रात्री ११:१५

शेवंतीताई, टिकलीचं वाचून वाईट वाटलं. दीड दिवस थांबणारे तुम्ही एकट्या नाही. माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या घराने तेच केलेलं असतं.

मी पशुवैद्य आहे, शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालयातून शिकलो. आधी दहा वर्षं गाई-म्हशी, आता निम्मी प्रॅक्टिस कुत्र्यामांजरांची. मूळ मुद्दा असा आहे की रोगाचा जंतू शरीरात शिरतो आणि लक्षणं दिसतात, यात काही दिवस जातात. पार्वोत साधारण ३ ते ७ दिवस, कधी १४ पर्यंत. केनेल कफमध्ये, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्यात, ३ ते १० दिवस. गोचिडीच्या तापात एक ते तीन आठवडे. डिस्टेंपर या विषाणूच्या आजारात त्याहूनही जास्त लागू शकतात. म्हणजे शेल्टरच्या दारातून जनावर उड्या मारत बाहेर पडतं तेव्हा ते खरोखरच ठणठणीत दिसत असतं. शेल्टरवाले खोटं बोललेले नसतात आणि तुमचंही काही चुकलेलं नसतं. म्हणून मी म्हणतो, पहिले १४ दिवस डोळ्यांत तेल घालून बघा. जे यायचं ते बहुतेक याच काळात येतं.

‘एक लस झालीये’ याचा अर्थ नीट समजून घ्या. पिल्लाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिकारशक्ती असते आणि ती लशीला काम करू देत नाही. ती नेमकी कधी उतरेल हे पिल्लागणिक बदलतं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत पुन्हा पुन्हा लस टोचतो. मधल्या एखाद्या डोसवर भिस्त ठेवून पिल्लू रस्त्यावर सोडू नका. शेवटच्या डोसनंतरही दोन आठवडे जाऊ द्या. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर. आणि अंगात ताप असताना लस टोचून घेऊ नका, थोडे दिवस थांबलं तर बिघडत नाही.

घरात एक साधा डिजिटल थर्मामीटर फक्त त्याच्यासाठी ठेवा. टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात इंचभर. कुत्र्याचं नॉर्मल तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे आपल्या हाताला ते नेहमीच गरम लागतं. नाक ओलं की कोरडं यावरून ताप ठरवू नका. १०३ च्या वर गेलं की फोन करा. माणसाची क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, काही म्हणजे काही देऊ नका. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळी जिवावर बेतते.

हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. निरोगी असताना रोज एकदा बघत जा, म्हणजे बिघाड पटकन कळतो.

डॉक्सिसायक्लिनबद्दल एक सांगून ठेवतो. गोळी दुधातून किंवा पनीरमधून देऊ नका, कॅल्शियममुळे ती नीट शोषली जात नाही. जेवणानंतर द्या आणि वरून पाणी पाजा, नाहीतर अन्ननलिकेत चिकटून जखम होते. दहाव्या दिवशी कुत्री उड्या मारायला लागते आणि लोक गोळ्या बंद करतात. २८ म्हणजे २८. आणि लघवी कॉफीसारखी गडद झाली तर लगेच दाखवा. तो बबेसिया, म्हणजे गोचिडीतूनच येणारा दुसरा परजीवी, असू शकतो, त्याचं औषध वेगळं असतं, एकट्या डॉक्सिने तो जात नाही.

---

रानवारा | ४ ऑगस्ट, सकाळी ७:३०

डॉक्टर, पार्वो होऊन गेलेल्या घरात नवीन पिल्लू आणायला किती थांबायचं? आमच्याकडे मागच्या हिवाळ्यात गेलं एक.

---

गुरांचा_डॉक्टर | ४ ऑगस्ट, सकाळी ८:०५

तो विषाणू घरात महिनोन् महिने टिकतो, अंगणातल्या मातीत वर्षभरही. आपल्याकडचं फिनाइल त्याला पुरत नाही. घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग, आधी जागा साबणाने स्वच्छ धुऊन मग हे लावून दहा मिनिटं ओलं राहू द्या, नंतर पाण्याने पुसून घ्या. गादी, टोपलं, कापडी खेळणी टाकून द्या. मातीचं अंगण असेल तर पुढचं पिल्लू आणू नका, सगळ्या लशी पूर्ण झालेलं मोठं कुत्रं आणा. शेल्टरमध्ये मोठी कुत्री वर्षानुवर्षं पडून असतात, त्यांना कुणी विचारत नाही.

---

बोका_आणि_मी | ४ ऑगस्ट, दुपारी १:२०

मांजरांचं मी लिहिते. माझ्याकडे तीन आहेत, तिन्ही शेल्टरमधली, ठाण्यात.

कुत्रं आजारी पडलं की दिसतं. मांजर लपवतं. नवीन मांजर पहिले दोन-तीन दिवस दिवाणाखाली, कपाटामागे जाऊन बसतं आणि आपण म्हणतो लाजतंय. लाजतंय हे खरंच, पण त्या लाजण्याच्या आड आजार दडून राहतो. म्हणून पूर्ण घर देऊ नका. एकच खोली द्या, तिथेच पाणी, खाणं, वाळूचा ट्रे, आणि शिरून बसायला एक पुठ्ठ्याचं खोकं. मग तुम्हाला नेमकं कळतं की आज किती खाल्लं, ट्रेमध्ये लघवीचे किती गोळे आहेत, शी घट्ट की पातळ. मी वहीत लिहायचे. घरात आधीची मांजरं असतील तर निदान दोन आठवडे दार बंद. वाट्या वेगळ्या, आणि नवीन मांजराला हात लावला की साबणाने हात धुऊनच आधीच्यांकडे जायचं.

मांजराने २४ तास काही खाल्लं नाही की डॉक्टरांना फोन. दोन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साठायला लागते, विशेषतः गुबगुबीत मांजरांत, आणि मग तोच वेगळा जीवघेणा आजार होतो. कुत्र्यासारखं ‘भूक लागली की खाईल’ इथे चालत नाही.

माझी दुसरी, ढमी, आली आणि सहाव्या दिवशी शिंका सुरू. डोळ्यांना चिकट घाण, नाक बंद. मला वाटलं शेल्टरने आजारी मांजर गळ्यात मारलं. डॉक्टरांनी सांगितलं की फ्लूचा हर्पिस विषाणू कित्येक मांजरांच्या अंगात लहानपणापासून निपचित पडून असतो आणि ताण आला की डोकं वर काढतो. घर बदलणं हाच तो ताण. नाक बंद असल्याने वास येत नाही, वास नाही म्हणून खाणं नाही. मी उकडलेल्या बांगड्याचं पाणी कोमट करून खाण्यावर घालायचे, बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडून वाफेत तिला घेऊन दहा मिनिटं बसायचे. डोळे कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसायचे, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. बारा दिवसांत बरी झाली. अजूनही दिवाळीत फटाके सुरू झाले की दोन दिवस शिंकते.

बोका असेल तर लघवीवर लक्ष ठेवा. ट्रेमध्ये वारंवार जाऊन बसतोय, ओरडतोय, थेंबही येत नाही, असं दिसलं तर मध्यरात्र असली तरी निघा. मूत्रमार्ग तुंबला की एक-दोन दिवसांत खेळ संपतो.

आणि कळकळीची विनंती, कुत्र्याच्या गोचिडीचं मानेवर टाकायचं औषध मांजराला लावू नका. त्यातल्या काही औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला विषच आहे. फरशीला फिनाइल लावत असाल तर तेही बंद करा. मांजर त्यावर चालतं आणि मग पंजे चाटतं.

फेलाइन ल्युकेमिया आणि एफआयव्ही, या मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणाऱ्या दोन विषाणूंची किट-टेस्ट आणल्याबरोबर करून घ्या. पॉझिटिव्ह आलं म्हणून मांजर परत करू नका, पण घरातल्या बाकीच्या मांजरांसाठी ते माहीत असायलाच हवं.

---

पारिजात | ४ ऑगस्ट, दुपारी ३:४५

खूप उपयोगी धागा. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मला चौथा महिना चालू आहे आणि मागच्याच महिन्यात आम्ही शेल्टरमधून मनी आणली. आता घरचे सगळे म्हणताहेत की मांजर परत दे, बाळाला धोका आहे. रोज यावरून रडारड होते.

---

बोका_आणि_मी | ४ ऑगस्ट, दुपारी ४:१०

पारिजात, घाबरू नकोस गं. तुझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलच, पण हे त्यांना आणि घरच्यांना सांग. बाळाला धोका म्हणतात तो टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा, आणि तो मांजराच्या शीतून येतो, अंगावरून हात फिरवून नाही. आणि शी बाहेर पडल्यावर ती संसर्गजन्य व्हायला निदान एक दिवस लागतो, कधी पाच दिवसांपर्यंत. ट्रे रोज साफ झाला तर धोका फारच कमी राहतो. ते काम नवऱ्याने करायचं, तू नाही. मनीला कच्चं मांस द्यायचं नाही, बाहेर सोडायचं नाही. तूही भाज्या नीट धुऊन खा, कुंडीतल्या मातीत हात घालताना हातमोजे घाल. आपल्या डॉक्टरला विचारून तुझी रक्ततपासणी करून घे, म्हणजे घरच्यांनाही उत्तर मिळेल. माझी तिसरी मांजर आली तेव्हा माझ्या जावेला दिवस गेले होते, आम्ही हेच सगळं पाळलं.

---

रविवारची_ड्युटी | ४ ऑगस्ट, रात्री १०:३०

मी एका शेल्टरमध्ये सहा वर्षं दर रविवारी काम करतेय. आतली बाजू सांगते, कारण इथे येणाऱ्या काही जणांच्या मनात राग असेल आणि तो बऱ्याचदा रास्त असतो.

आमच्याकडे येणारं पिल्लू गटाराच्या कडेला, गाडीखाली, पोत्यात बांधून टाकलेलं असं येतं. आल्या आल्या जंताचं औषध, पिसवा-गोचिडीचं औषध, वय बसत असेल तर पहिली लस. मग वेगळ्या खोलीत. पण ती वेगळी खोली एकच आहे. आज एक पिल्लू ठेवलं, परवा दुसरं आलं, की पहिल्याचे मोजलेले दिवस वाया. पावसाळा सरला की तर कुत्र्यांच्या वेताचा मोसम सुरू होतो आणि पिल्लांचा लोंढा. जागा नसते म्हणून पिल्लू लवकर घरी जावं असं आम्हालाही वाटतं. १४ दिवस पूर्ण झाल्याशिवाय पिल्लू द्यायचं नाही असं मी दोन वर्षं भांडून आमच्याकडे सुरू केलं. सगळीकडे ते नाही. म्हणून घेताना थेट विचारा : हे इथे किती दिवस आहे, आणि गेल्या पंधरा दिवसांत याच्या खोलीत कुणी आजारी पडलं का? यातल्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी टाळाटाळ केली तर तिथून घेऊ नका.

कार्डावर नुसती तारीख असून उपयोग नाही. लशीच्या बाटलीचं स्टिकर चिकटवलेलं हवं आणि डॉक्टरची सही हवी. पालिकेचा परवाना काढताना रेबीजचं हेच कार्ड लागतं.

मदत म्हणून काय मागावं? पिल्लाच्या उरलेल्या लशी आणि सहा महिन्यांनंतरची नसबंदी बहुतेक चांगल्या संस्था मोफत किंवा खूप कमी पैशात करून देतात, फक्त ते आधी ठरवून कागदावर घ्या. पहिल्या पंधरा दिवसांत आजारी पडलं तर तुमच्या डॉक्टरकडे ते बघाल का, हेही विचारा. आणि मुख्य म्हणजे आजारी पडलं की पहिला फोन शेल्टरला करा. लोक लाजेने किंवा रागाने करत नाहीत. तुमच्या घरचं पिल्लू पार्वोने आजारी आहे हे आम्हाला कळलं तर त्याची चार भावंडं आम्ही त्याच तासाला वेगळी करतो. तुमच्या एका फोनने चार जीव वाचतात.

मोठी कुत्री घेणाऱ्यांसाठी : रस्त्यावरून आलेल्या मोठ्या कुत्र्याच्या जननेंद्रियाजवळ फुलकोबीसारखी गाठ किंवा थेंब थेंब रक्त दिसलं तर बिचकू नका. तो टीव्हीटी, म्हणजे कुत्र्याकडून कुत्र्याला लागणारा कर्करोग. माणसाला होत नाही. आठवड्याला एक इंजेक्शन, चार-सहा आठवडे, आणि बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. मी डोळ्यांनी पाहिलीत. या एका गाठीमुळे किती तरी गोड कुत्र्यांना लोक नाकारतात.

---

देशावरचा | ५ ऑगस्ट, सकाळी ६:५०

सगळं वाचलं. पण हे शहरातलं झालं. आमच्या तालुक्याला रक्त तपासायचं म्हटलं तर नमुना ऐंशी किलोमीटर पाठवावा लागतो. मी शेजारच्या शहरातल्या शेल्टरमधून शेतावर राखणीला दोन कुत्री आणली. जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेली. तिथे मुख्य काम गाई-म्हशी-शेळ्यांचं, पण डॉक्टरांनी रेबीजची लस आणि जंताचं औषध व्यवस्थित दिलं, पैसेही नाममात्र. १९६२ या नंबरावर फोन केला की फिरता दवाखाना येतो, तो मुख्यतः जनावरांसाठी आहे पण विचारून बघायला हरकत नाही.

आमच्याकडे मुख्य त्रास जंतांचा. एक कुत्रं खायचं भरपूर पण बरगड्या दिसायच्या, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. आकड्याच्या आकाराचे जंत रक्त पितात म्हणे. वजन करून औषध दिलं, पंधरा दिवसांनी परत दिलं, लोहाचं टॉनिक दिलं, आता अंग धरलंय. अंदाजाने औषध देऊ नका. आमच्या इथे एकाने गुरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कुत्र्याला हाताच्या मापाने दिलं आणि कुत्रं गेलं. तसंच गोचीड रॉकेल लावून किंवा काडी लावून काढू नका, चिमट्याने मुळाशी धरून सरळ ओढा.

---

हडसनकाठ | ५ ऑगस्ट, सकाळी ९:१५

इथे न्यू जर्सीतून लिहितोय. आमच्या इकडे शेल्टरमधून घेताना नसबंदी, मायक्रोचिप आणि रेबीज लस झालेलीच असते, आणि पहिल्या तपासणीचं कूपन हातात देतात. दोन आठवड्यांच्या आत वापरायचं असतं. आम्ही कामाच्या गडबडीत ते जवळजवळ घालवलं होतं. तसं करू नका, तिथेच आमच्या कुत्र्याच्या कानातला यीस्ट, म्हणजे बुरशीचा संसर्ग, सापडला.

इथली बरीच कुत्री दक्षिणेकडच्या राज्यांतून गाड्या भरून येतात आणि तिकडे डासांमुळे हार्टवर्म, म्हणजे हृदयात वाढणारे जंत, फार. आमच्या शेरूची टेस्ट निगेटिव्ह होती. पण डास चावल्यापासून टेस्ट पॉझिटिव्ह यायला सुमारे सहा महिने लागतात, म्हणून सहा महिन्यांनी परत करायला सांगितली. ती पॉझिटिव्ह आली. मग पाठीत खोल इंजेक्शनं आणि काही महिने सक्तीची विश्रांती, पळणं बंद, जिने बंद. तीन वर्षांच्या उत्साही कुत्र्याला शांत बसवून ठेवणं ही आमच्या घराची परीक्षा होती. आता छान आहे. एका निगेटिव्ह टेस्टवर निर्धास्त होऊ नका, एवढंच. आणि चिप नुसती असून भागत नाही, ती तुमच्या नावावर आणि चालू फोनवर नोंदवा.

---

रानवारा | ५ ऑगस्ट, दुपारी १२:००

खर्चाबद्दल कुणीच स्पष्ट बोलत नाही म्हणून मी लिहितो. आमच्या पिल्लाच्या पार्वोत पाच दिवस सलाइनला एकूण साडेचौदा हजार गेले आणि तरी ते वाचलं नाही. माझा पगार तेव्हा बावीस हजार होता. मला वाटतं, शेल्टरने पिल्लू दिल्यापासून पंधरा दिवसांत असं झालं तर खर्चाचा वाटा उचलायला हवा. ‘दत्तक घ्या’ म्हणायचं आणि मग आपण एकटे, हे बरोबर नाही.

---

रविवारची_ड्युटी | ५ ऑगस्ट, दुपारी २:३०

रानवारा, तुमचं म्हणणं मला पटतं. पैसा देणं सगळ्या संस्थांना जमणार नाही, पण आपल्या पॅनेलवरचा डॉक्टर, दात्याचं रक्त, उरलेली औषधं, रात्री सलाइनपाशी बसायला एक माणूस, हे नक्की जमतं आणि ते द्यायलाच हवं. तुम्हाला ते मिळालं नाही याचं मला फार वाईट वाटतं.

खर्चासाठी मी सगळ्यांना सांगते, आणायच्या आधी दहा हजार बाजूला टाका आणि त्याला हात लावू नका. विमा काढणार असाल तर आधी बारकाईने वाचा. सुरुवातीचे काही दिवस संरक्षण नसतं, आधीचे आजार वगळलेले असतात, आणि लस न घेतल्याने झालेले आजारही बहुधा बसत नाहीत. म्हणजे शेल्टरच्या जनावराच्या पहिल्या महिन्यात विम्याचा उपयोग फार थोडा.

मुंबईकरांना परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं. महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचं छोट्या प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालंय. नागपूर आणि शिरवळला महाविद्यालयांचे दवाखाने आहेत, आणि महाविद्यालयाच्या दवाखान्यात खाजगीपेक्षा बरंच कमी लागतं. रांग मोठी असते, डबा घेऊन जा.

रक्ताचं म्हटलं म्हणून : तुमचं कुत्रं निरोगी, लशी पूर्ण झालेलं, २५ किलोच्या वरचं असेल तर आपल्या डॉक्टरकडे दाता म्हणून नाव नोंदवा. गोचिडीच्या तापात रक्त फार खाली गेलेल्या पिल्लांना रात्री-अपरात्री दाता शोधताना आमचे हाल होतात.

---

कोकणी_माणूस | ५ ऑगस्ट, रात्री ८:४०

सावंतवाडीहून. आमच्याकडे पावसात लेप्टो. उंदीर मुतलेल्या पाण्यातून कुत्र्याला होतो, आणि कुत्र्याच्या लघवीतून माणसाला. डोळे पिवळे, लघवी गडद, उलट्या. लशीत लेप्टोचा भाग आहे का ते विचारून घ्या आणि दरवर्षी द्या. आजारी कुत्र्याची लघवी धुताना हातमोजे घाला.

रेबीजचं कुणी माणसांच्या बाजूने लिहिलं नाही म्हणून लिहितो. नवीन जनावर घाबरून ओरबाडतं, चावतं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, लस मोफत आहे. पुढच्या तारखा चुकवू नका. ‘लहान पिल्लूच आहे, काय होतंय’ असं म्हणू नका. शेजारी गोव्यात २०१४ पासून घरोघरी, गल्लोगल्ली कुत्र्यांना लस टोचण्याचं काम चाललंय आणि रेबीजने माणसं मरणं तिथे जवळजवळ थांबलं, ते आम्ही इथून बघतोय. आपल्याकडे ते होईपर्यंत आपलं आपण सांभाळायचं.

---

पारिजात | ९ ऑगस्ट, रात्री ९:००

मनी राहतेय! डॉक्टरांनी माझी टेस्ट केली आणि सासऱ्यांना समोर बसवून सगळं समजावलं. ट्रे आता तेच साफ करतात, रोज सकाळी सात वाजता, पेपर वाचायच्या आधी. बोका_आणि_मी, तुझे खूप आभार गं ताई.

---

शेवंती | १८ ऑगस्ट, सकाळी १०:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. परवा बुंदीची अठ्ठाविसावी गोळी झाली. काल रक्त तपासलं, प्लेटलेट २ लाख ४० हजार. वजन घरी आली तेव्हापेक्षा दीड किलोने जास्त.

देशावरचा दादांचं वाचून चिमटा आणला, आणि रोज रात्री जेवण झालं की सासूबाई टॉर्च धरतात, मी बोटांच्या बेचक्या, कानांच्या घड्या, शेपटीखाली बघते. भिंतीच्या फटी आणि दाराच्या चौकटीही पाहिल्या. गोचीड वर चढून भिंतीत अंडी घालते हे मला माहीतच नव्हतं. दोन जागी सापडली, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं, त्या दिवशी बुंदीला घेऊन आईकडे गेलो.

रविवारची_ड्युटी, तुमचं वाचून शेल्टरला फोन केला. त्यांनी तिच्या पिंजऱ्यातल्या तिन्ही कुत्र्यांचं रक्त तपासलं. एकाच्या प्लेटलेट कमी निघाल्या, अजून ताप आला नव्हता. त्याचंही औषध सुरू झालंय.

डॉक्टरांनी आणखी दीड महिन्याने पुन्हा रक्त बघायला सांगितलंय. वार्षिक लशी ताप होता म्हणून थांबवल्या होत्या, त्या येत्या गुरुवारी. काल रात्री जिन्यात कुणीतरी अनोळखी आलं तेव्हा ती पहिल्यांदा भुंकली. एकदाच. आणि मग आमच्याकडे वळून बघत उभी राहिली.